‘नाही साहेब’च्या पलीकडे

प्रश्न : माझा मुलगा नुकताच सैन्यात अधिकारी झालाय. सैनिक संमेलनात, म्हणजे अधिकारी आणि जवानांच्या एकत्र बैठकीत, ‘काही अडचण?’ विचारलं की सगळे ‘नाही साहेब’ म्हणतात. त्यानं काय करावं?

उत्तर : ताई, मी सैन्यात असताना माझ्या कंपनीतही, म्हणजे शंभरेक जवानांच्या तुकडीतही, हेच व्हायचं. शंभर माणसांत उभं राहून कोण बोलणार? सरावानंतर मी एकेका सेक्शनला, दहाच जणांना, झाडाखाली गोल बसवू लागलो. काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं? अमेरिकी लष्करात रुळलेली ही पद्धत. पहिली चूक मी माझी सांगायचो. तिसऱ्या बैठकीत रेडिओवरचा शिपाई चाचरत म्हणाला, “साहेब, हुकूम अर्धाच ऐकू आला होता. परत विचारायची भीती वाटली.” त्या दिवसापासून ऐकणाऱ्यानं हुकूम परत म्हणून दाखवायचाच. आणि अधिकारी-जवानांमधला दुवा असलेल्या सुभेदारसाहेबांना आधी विश्वासात घ्यायला सांगा. त्यांना डावललं तर जवान तोंड उघडत नाहीत.