विज्ञानकथा लिहिताना: ५५ अंशांची गरजच नाही

माझ्या कथेत २०७० साली अकोल्याचा पारा ५५ वर जातो आणि गावंच्या गावं मरतात. मित्रांना ते पटत नाही. काय चुकतंय? (दर्यापूर)

तुम्ही आकडा वाढवला, पण उष्णतेनं शरीरात काय बिघडतं ते तपासलं नाही. घाम वाळला तरच शरीर थंड राहतं. म्हणून संशोधक वेट-बल्ब तापमान पाहतात, म्हणजे बुडाला ओलं कापड गुंडाळलेली तापमापी जो आकडा दाखवते तो. २०१० च्या एका शोधनिबंधानं माणसाची मर्यादा ३५ अंश वेट-बल्ब अशी मांडली होती. पुढे २०२२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठानं तरुण, निरोगी माणसांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराचं तापमान आवरेनासं झालं.

आता आपल्याकडचा हिशेब करा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, ४६ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट-बल्ब जेमतेम २५ येतो. उन्हात राबणाऱ्याला धोका आहेच, पण सावली, पाणी आणि कूलर यांचा उपयोग होतो. जूनमध्ये एक पाऊस पडून उघडीप झाली, ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता झाली, की वेट-बल्ब ३१ वर जातो. कूलर हवा वेट-बल्बच्या खाली नेऊच शकत नाही. त्यात खिडक्या बंद असल्या तर खोलीतली आर्द्रता आणखी चढते. तेव्हा आपत्ती जूनमध्ये घडवा, पारा उतरला म्हणून लोक निर्धास्त झालेले असताना. ‘कूलर फुल्ल आहे, तरी जीव घाबरून राह्यला’ एवढं एका म्हातारीनं म्हटलं की वाचकाला व्याख्या सांगावी लागत नाही.

लिहिण्याआधी अंगणात मोजून पाहा. दोन सारख्या तापमापी घ्या, एकीच्या बुडाला ओलं मलमल बांधा, पंख्याचा वारा द्या आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. कापड सुकलं किंवा वारा कमी पडला तर ओल्या तापमापीचा आकडा खऱ्याहून जास्त येतो.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातल्या जीवाश्मांतून डीएनए काढून डायनासोर जिवंत केला तर? (चंद्रपूर जिल्हा)

नको. मोआ पक्ष्यांच्या हाडांवरचा २०१२ चा अभ्यास सांगतो की सुमारे १३ अंशांच्या जमिनीत डीएनएच्या २४२ अक्षरी तुकड्यांपैकी निम्मे ५२१ वर्षांत तुटतात. आपली जमीन त्याहून कितीतरी तापते, आणि डायनासोर संपून ६.६ कोटी वर्षं झाली.

पण पिसदुऱ्यानं याहून भारी वस्तू दिली आहे, डायनासोरच्या काळातलं दगड झालेलं शेण! २००५ मध्ये त्यात गवताचे सिलिकाकण, म्हणजे गवताच्या पेशींत तयार होणारे काचेसारखे सूक्ष्म कण, सापडले. गवत डायनासोरांच्या नंतर पसरलं, हा समज त्यामुळे हलला. २०११ च्या अभ्यासात तर भाताच्या कुळाशी नातं सांगणारे कण निघाले. डीएनए कुजतो, सिलिका टिकते. तेव्हा कथेतल्या संशोधिकेला डायनासोर देऊ नका. धानाचा हरवलेला पूर्वज कसा दिसत होता, हे त्या कणांच्या आकारावरून तिला ठरवू द्या. तेवढी एकच उडी कल्पनेची, बाकी सगळं खरं ठेवा.

लोणारचं विवर पाडणारा उल्केचा आघात पाहणारा माणूस हवा आहे. विवराचं वय कोणतं धरू? (मेहकर)

थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं (तापवलेल्या खनिजातून निघणाऱ्या उजेडावरून) सुमारे ५२ हजार वर्षं हे वय आलं होतं. २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं (खडकातल्या आर्गॉन वायूवरून) ते सुमारे ५ लाख ७० हजार आलं. पहिलं धरलं तर साक्षीदार तुमच्या-आमच्यासारखा माणूस असू शकतो. दुसरं धरलं तर तो आपल्या प्रजातीचा नाही, कारण होमो सेपियन्सचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे आहेत. मग त्याच्या तोंडी संवाद कोणते घालणार? आमचा कल दुसऱ्याकडे आहे. ते लिहायला अवघड, म्हणूनच कथा वेगळी होईल. मात्र १.८ किलोमीटरचं विवर पडताना काठावर उभा राहून कुणी वाचत नाही. साक्षीदार लांब ठेवा.

गावात बसून इंग्रजी शोधनिबंध कसे वाचावेत? (आर्णी)

आधी सारांश वाचा, मग आकृत्या, मग पद्धत. निष्कर्ष शेवटी. प्रयोग शेतात झाला की प्रयोगशाळेत, कोणत्या तापमानाला, किती नमुन्यांवर, हे वहीत टिपा. बातमीत नेमकं हेच गळलेलं असतं. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध फुकट मिळतात. निबंध पैशाआड असेल तर त्यावर दिलेल्या ईमेलवर लेखकाकडे प्रत मागा, बरेच जण पाठवतात. टिपलेल्यातलं कथेत फार थोडं उतरू द्या. पात्राला ज्या आकड्यामुळे निर्णय बदलावा लागत नाही, तो वहीतच राहू द्या.