डिमर बोर्ड सोडून मूव्हिंग लाइटच्या कन्सोलवर येताना

तू लिहिलंयस की आठ वर्षं फेडरच्या बोर्डवर, म्हणजे दांडी सरकवून लाइटचा उजेड कमीजास्त करायच्या डिमर बोर्डवर, काल्याची (देवळाच्या उत्सवातली) आणि स्पर्धेची नाटकं केलीस, आता तुमच्या लाइटवाल्याने बारा बीम (बारीक झोताचे, मोटरने फिरणारे मूव्हिंग लाइट) आणि ते चालवायला ग्रँडएमए३ कन्सोल घेतलाय, चवथीनंतर पहिला संगीत नाटकाचा प्रयोग आहे, आणि व्हिडिओ बघून बटणं पाठ होतात पण दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं असतं, तर सुरुवात कुठून करायची. जरा लांब लिहितो, कारण मी पण याच वाटेने आलोय आणि तेव्हा मला हे कोणी धड सांगितलं नव्हतं.

बटणं सध्या बाजूला ठेव. एकच प्रश्न सतत विचारत राहा, की मी स्टोअर (साठवायचं बटण) दाबलं तेव्हा कन्सोलने नेमकं काय लिहून घेतलं? तुझ्या जुन्या बोर्डवर हा प्रश्नच येत नव्हता, फेडर वर गेला की लाइट वर, खाली आणला की खाली, जे स्टेजवर दिसतं तेच हाताखाली. आता एका हेडला, म्हणजे एका फिरत्या लाइटला, सोळा-वीस चॅनल, त्यात डिमर (उजेड) फक्त एक, बाकी पॅन (आडवं फिरणं), टिल्ट (वरखाली), रंग, गोबो (झोतात आकार पाडणारी चकती), प्रिझम (एका झोताचे अनेक करणारी काच), फोकस, शटर असलं सगळं. जुन्या बोर्डवर दोन फेडरना एकच लाइट असेल तर जो जास्त वर तो जिंकायचा, पण पॅनला 'जास्त वर' म्हणजे काय? काहीच नाही. म्हणून इथे शेवटी दिलेला हुकूम चालतो, आणि तो हुकूम कुठून आला हे माहीत नसेल तर माणूस रात्रभर शोधत बसतो.

तू हेड निवडून एन्कोडर (किंमत बदलायचं चाक) फिरवलास की ती किंमत आधी प्रोग्रामरमध्ये जाते, म्हणजे कच्च्या वहीत. ती वही भरलेली असेपर्यंत ते हेड तुझ्या क्यूला (साठवून ठेवलेल्या प्रकाशाच्या पायरीला) दाद देत नाही, वहीतलंच ऐकतं. ग्रँडएमएवर क्लिअर एकदा दाबलं की फक्त निवड सुटते, दुसऱ्यांदा किमती निष्क्रिय होतात म्हणजे स्टोअरमध्ये जात नाहीत पण स्टेजवर असतात, तिसऱ्यांदा वही कोरी. नवीन माणसाच्या निम्म्या तक्रारी, की क्यू चालतच नाही, हेड अडकलं, रंग बदलत नाही, त्या इथे असतात. स्टोअर झालं की क्लिअर तीनदा, ही बोटाची सवयच करून घे.

दुसरं म्हणजे ट्रॅकिंग. कन्सोल प्रत्येक क्यूमध्ये अख्खं स्टेज लिहीत नाही, फक्त जे बदललं ते लिहितो. क्यू ५ मध्ये बीम लाल केलास आणि पुढे कुठेच रंग लिहिला नाहीस तर क्यू ९ ला पण तो लालच. ही चूक नाही, कन्सोल बरोबर वागतोय. नाटकाला तर हे फार उपयोगी, कारण दरबाराचा मूळ रंग एकदा लिहिला की पूर्ण प्रवेशभर तो राहतो. फक्त प्रवेश सुरू होताना पहिल्या क्यूमध्ये सगळं ठासून लिहून टाकायचं, डिमर, जागा, रंग, गोबो, सगळं, म्हणजे मागचं काही गळून पुढे येत नाही.

आता पॅच, म्हणजे कुठलं हेड कुठल्या ऍड्रेसवर (पहिल्या चॅनलच्या आकड्यावर) आहे हे कन्सोलला सांगणं. डीएमएक्स, म्हणजे कन्सोलचा हुकूम केबलने लाइटपर्यंत नेणारी भाषा, १९८६ सालचं आहे आणि मुळात डिमरसाठीच केलेलं, एका युनिव्हर्समध्ये (एका लाइनवर) ५१२ चॅनल, प्रत्येकाला ० ते २५५. तुझे बीम सोळा चॅनल मोडला असतील तर ऍड्रेस १, १७, ३३, ४९ असे जाऊन बाराव्याचा १७७ येतो. हेडच्या डिस्प्लेवर मोड वीस चॅनलचा आणि कन्सोलमध्ये सोळाचा असेल तर डिमर द्यायला गेलास की प्रिझम फिरतो, रंग द्यायला गेलास की शटर बंद. म्हणून ट्रसवर (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर) चढवायच्या आधी बाराही हेड जमिनीवर ठेवून मोड आणि ऍड्रेस डोळ्यांनी वाच, दुसऱ्याने सांगितलेला घेऊ नकोस.

पॅनला दोन चॅनल का असतात ते पण बघ. हेड ५४० अंश फिरतं, एकाच चॅनलने २५५ पायऱ्या म्हणजे एका पायरीला दोन अंशांहून जास्त. पंधरा मीटरवर हा बीम एका पायरीत अर्धा मीटर उडी मारतो! गायकाच्या डोक्यावरून थेट विंगेत. फाइन चॅनल जोडला की ६५,५३६ पायऱ्या होतात आणि तीच उडी दोनेक मिलिमीटरवर येते. हळू सरकणारा बीम झटके देत असेल तर पहिला संशय यावर घे, फाइन नसलेला मोड लावलाय का बघ.

आणि आता प्रीसेट, म्हणजे नाव देऊन साठवलेली जागा किंवा रंग, याच्यावर मी जास्त बोलणार. पेडण्याकडे एका देवळाच्या काल्याला नाटक होतं. तालीम हॉलमध्ये केली तेव्हा पुढचा ट्रस अठरा फुटांवर होता, देवळाच्या मांडवात तो चौदाच्या वर जाईना. मी सगळ्या क्यूमध्ये पॅन-टिल्टच्या नुसत्या किमती भरलेल्या, प्रीसेट एक पण नाही. ट्रस खाली आला की तोच कोन जवळ पडतो, त्यामुळे सिंहासनावर पडायचा बीम थेट खाली ऑर्गनवाल्याच्या पाठीवर, त्याचा पांढरा सदरा निळाशार झालेला अजून डोळ्यासमोर आहे. चाळीसच्या वर क्यू, नांदीला दोन तास, मी एकेक क्यू उघडून दुरुस्त करत होतो आणि दुसऱ्या अंकाचं राहिलं ते राहिलंच. लेखकाची, नटांची दोन महिन्यांची मेहनत आणि रात्री तीनपर्यंत थंडीत बसलेले गावचे लोक, त्यांना अर्धवट प्रकाश दिला हे मला आजही लागतं.

तेव्हा जागा कधीच थेट लिहू नकोस. आधी पोझिशनचे प्रीसेट कर, सिंहासन, मध्य, डावी विंग, उजवी विंग, पडदा, छत, प्रेक्षकांच्या डोक्यावरून, असे सात-आठ पुरतात. क्यूमध्ये मग कन्सोल 'पॅन इतका' असं लिहीत नाही, 'सिंहासन' असं लिहितो. नव्या जागी गेलास की प्रीसेट बोलवायचा, बाराही हेडचा नेम परत धरायचा, अपडेट, आणि सगळे क्यू आपोआप सुधारतात. पाऊण तासाचं काम. पोझिशनचे प्रीसेट सिलेक्टिव्ह (ज्या हेडची किंमत साठवली फक्त त्यालाच लागणारे) ठेव कारण प्रत्येक हेडचा कोन वेगळा असतो, रंगाचे ग्लोबल (त्या जातीच्या सगळ्या हेडना लागणारे) चालतात, उद्या त्याच जातीचं तेरावं हेड आलं तरी तोच रंग त्याला लागतो. तुम्ही आज फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात, उद्या मडगावला रवींद्र भवनात, परवा कुठल्यातरी देवळात, तुमच्यासारख्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही.

काळोखातलं फिरणं विसरू नकोस. हेड बंद असताना पुढच्या जागेवर जाऊन थांबलं पाहिजे, नाहीतर पेटल्या पेटल्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून झाडू मारत जातं. एमएमध्ये यासाठी मूव्ह इन ब्लॅक आहे, पण त्याला आधी काळोखाचा वेळ मिळाला पाहिजे, शून्य सेकंदाचा ब्लॅकआउट देऊन लगेच पुढचा क्यू मारलास तर बिचारं कधी फिरणार?

नाट्यपदाला बीम हलवू नकोस, माझं मत पक्कं आहे. पद चालू असताना लोक गायकाचा चेहरा बघतात, आणि बीम हा चेहऱ्याचा लाइट नव्हेच, त्याचा झोत फार बारीक आणि कडक. चेहऱ्यांना तुझे जुने हॅलोजनच ठेव, डिमर पॅक डीएमएक्स घेणारे असतील तर तेही याच कन्सोलमध्ये पॅच कर, तिथे तुझा आठ वर्षांचा हात लगेच कामाला येईल.

सरावाला आत्ताचा पाऊस सोन्यासारखा आहे, कामं नाहीत. ग्रँडएमए३चं ऑनपीसी (कन्सोलचंच सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर फुकट चालतं, थ्रीडी खिडकीत लाइट दिसतात, खरे लाइट पेटवायला मात्र त्यांचं हार्डवेअर लागतं. एक चार मिनिटांचं पद घे, सहा हेड, चार जागा, तीन रंग, बस. पूर्ण झालं की ती फाइल बाजूला टाकून कोऱ्या फाइलवर पॅचपासून परत कर. असं तीनदा केलंस की बटणं न पाठ करता हातात बसतात. दुसऱ्याची तयार शो फाइल घेऊन शिकू नकोस, त्याने काय कुठे लिहिलंय हे तुला कळत नाही आणि मूळ प्रश्न तोच राहतो.

थोडं केबलचं. माइकची केबल डीएमएक्सला लावू नकोस, शेवटच्या हेडला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रोध) लाव, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात त्या प्रयोगाआधी पुसून घे, हेड थरथरतं तेव्हा आपण कन्सोलला दोष देतो आणि गंज पिनेवर असतो. आणि हेड डिस्चार्ज दिव्याची असतील तर जनरेटरवाल्याला आधीच सांगून ठेव, मध्यंतरात जनरेटरची बदलाबदली नको, दिवा गरम असताना विझला की थंड होईपर्यंत काही मिनिटं पेटत नाही आणि दुसरा अंक तुझ्यासाठी थांबत नाही.

शो फाइल दोन पेनड्राइव्हवर, एक कन्सोलजवळ, एक खिशात. पॅचला अडलास तर हेडच्या डिस्प्लेचा आणि मागच्या स्टिकरचा फोटो पाठव, मोड कुठला लावायचा ते बघून सांगतो.