बेडरूममध्ये टीव्ही हवाय, पण नक्की कोणाला?

दसरा-दिवाळी जवळ आली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या बोलण्यात एक विषय हमखास डोकावतो: बेडरूमसाठी स्मार्ट टीव्ही. कोणी ‘आमचं पटत नाही’ म्हणून आलेलं असतं, कोणी ‘झोप लागत नाही’ म्हणून, कोणी ‘मुलगा ऐकत नाही’ म्हणून. गाडी फिरून फिरून तिथेच येते. एकाला घ्यायचाच असतो, दुसऱ्याला नकोच असतो. २०२५ मध्ये घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि ‘आता स्वस्त झालाय, घेऊनच टाकू’ हा सूर आणखी चढला. मग दोघंही माझ्याकडे बघतात. मॅडम, तुम्हीच सांगा, घ्यायचा की नाही?

असा निकाल द्यायला मी बसलेली नाही. पण एका जोडप्याची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डोंबिवलीतलं टू बीएचके. तो आयटीत, आठवड्यातून तीन-चार रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. ती सहकारी बँकेत. सासरे हॉलमधल्या दिवाणावर झोपतात आणि साडेनऊला दिवा घालवतात. दुसऱ्या खोलीत दहावीतली मुलगी. बेडरूममध्ये ४३ इंची टीव्ही हवा होता तिला. त्याचा ठाम नकार. त्यावरून घरात दोन महिने धुसफूस.

पहिल्या भेटीत बहुतेक तोच बोलला.

“मॅडम, माझ्या भावाकडे बघितलंय मी. बेडरूममध्ये टीव्ही आला आणि त्यांचं बोलणंच संपलं. दोघं दोन उशांना टेकून बघत बसतात. मला तसा संसार नकोय.”

“म्हणजे तुम्ही दोघं सध्या रात्री बोलता?”

“बोलतो ना.”

“काल काय बोललात?”

तो आठवू लागला. तिने वेळ दवडला नाही. “गॅस बंद केलास का, असं विचारलं त्याने. मी हो म्हटलं.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे. १९५५ पासून एलिसने उपचाराची जी पद्धत मांडली, तिचा गाभा असा की माणसाला अस्वस्थ करते ती घडणारी गोष्ट कमी आणि त्या गोष्टीविषयी त्याने मनात पक्कं केलेलं मत जास्त. त्यामुळे कोणी ‘अमुक झालं की तमुक संपलंच’ असं म्हणालं की माझे कान टवकारतात. या गृहस्थांचं मत होतं की टीव्ही आला की संवाद मरतो. आणि ज्या संवादाला वाचवायला ते भांडत होते, तो गॅसच्या बटणावर येऊन थांबला होता. हे मी त्यांना लगेच दाखवून दिलं नाही. अशी गोष्ट समुपदेशकाने सांगितली की माणूस वाद घालतो. त्याची त्याला दिसली की गप्प होतो. थांबायचं किती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि आता ते मला बऱ्यापैकी जमतं.

पुढच्या भेटींमधलं भावाचं पुराण, ईएमआयचा हिशेब, ‘तुझं आणि माझं’ हे सगळं गाळते. एका भेटीत मी तिला एवढंच म्हटलं, “काल रात्री जेवणं झाल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, ओळीने सांगा. छोट्यातली छोटी गोष्टही.”

ती सांगू लागली. ताटं उचलली. कूकर घासला, बाईसाठी ठेवला तर सकाळी डब्यांना लागतो. दही विरजलं. बाबांच्या गोळ्या दिल्या, हॉलचा दिवा गेला. मुलीला दूध दिलं. “मग सीरिज बघितली पाऊण तास.”

“कुठे?”

“ओट्यापाशी.”

“ओट्यापाशी कशी?”

“पोह्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून. एका कानात इअरफोन. दुसरा मोकळा ठेवते, बाबांनी हाक मारली तर ऐकू यायला हवी.”

“बसून?”

“ओट्यापाशी कुठे बसणार, मॅडम? उभी राहूनच.”

तो तिच्याकडे वळला. “मला वाटायचं, ओटा पुसत असशील.”

“पाऊण तास?”

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मग तो म्हणाला, “खोलीत का नाही आलीस?” आणि तिने शांतपणे सांगितलं की खोलीत तुझा कॉल चालू असतो, कॅमेऱ्यात मी दिसायला नको असते, कॉल नसेल त्या दिवशी तुला दिवा बंद हवा असतो. हॉलमध्ये बाबा झोपलेले. मुलीच्या खोलीत मुलीचा अभ्यास. “सातशे चौरस फुटांत मला बसायला जागा नाहीये.”

हे वाक्य ती आधी कधीच बोलली नव्हती, घरी नाही आणि माझ्याकडेही नाही. दोन महिने ती ‘४३ इंच’ म्हणत होती आणि तो ‘४३ इंच’ ऐकत होता. मला त्या दिवशी जे उमगलं ते मी तेव्हापासून प्रत्येक जोडप्याबाबत तपासून बघते: घरातली वस्तूची मागणी खरवडली तर खाली बहुतेक वेळा जागेची किंवा वेळेची मागणी सापडते. टीव्ही मागणं सोपं असतं, त्याला किंमत असते, ऑफर असते, एक्स्चेंज असतं. ‘मला रोज पाऊण तास माझा हवा आहे’ हे मागायला आपल्याकडच्या बायकांना अजून जड जातं. पुरुषांनाही जातं, पण ते निदान मोबाईल घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसतात.

मग टीव्ही घ्यायचा की नाही? मी म्हटलं, आधी रंगीत तालीम करा. पंधरा दिवस लॅपटॉप बेडरूममधल्या टेबलावर, टीव्ही जिथे येणार तिथे ठेवा. समोर खुर्ची मांडा, तिने तिथे बसून बघायचं. काही विकत घ्यायचं नाही.

तालमीत पहिल्याच आठवड्यात खरी अडचण वर आली. कॉलच्या रात्री खोलीत तिला बसताच येईना. म्हणजे टीव्ही आणला असता तरी आठवड्यातल्या तीन-चार रात्री ती पुन्हा ओट्यापाशीच गेली असती, वर भिंतीवर बंद टीव्ही. यावर तोडगा त्याने स्वतः काढला. कॉल तो आता स्वयंपाकघरात घेतो, मागची बरणी-डबे दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्यात पार्श्वभूमी धूसर करून. दुसरी गोष्ट, तिला चाळिसाव्या मिनिटाला डुलक्या येतात. तिसरी, कॉल नसलेल्या दिवशी तो दुसरी खुर्ची ओढून आला. ‘काय चाललंय यात, हा कोण?’ असं दर दोन मिनिटांनी विचारून त्याने तिला वैताग आणला, पण गॅसच्या बटणापलीकडचं बोलणं झालं. टीव्ही आला की संवाद मरतो, हे मत तिथेच सैल पडलं. मला त्यावर व्याख्यान द्यावं लागलं नाही.

महिनाभराने त्यांनी टीव्ही घेतला. ३२ इंची.

आता तुमच्या घराचं बोलू. माझं मत विचाराल तर बेडरूममध्ये टीव्ही लावण्याआधी तो पलंगावरून बघायचा की खुर्चीतून, हे ठरवा. बाकी सगळं नंतर. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये निद्रानाशावर सुचवलेली एक साधी शिस्त आजही वापरली जाते: अंथरूण झोपेसाठी आणि पती-पत्नीच्या जवळिकीसाठी, तिथे जेवण, ऑफिसचं काम, टीव्ही नको. झोप येत नसेल तर उठून बाहेर यायचं, आली की परत जायचं. शरीराला सवय लागते की पाठ टेकली म्हणजे झोप. आपण पलंगावर बसून चहा पितो, हिशेब करतो, भांडतो, सीरिज बघतो आणि मग म्हणतो, आडवं पडलं तरी डोळा लागत नाही. दहा बाय अकराच्या खोलीत एक खुर्ची बसत नसेल तर टीव्हीही बसत नाही, असं मी सरळ धरते.

निळ्या प्रकाशाची भीती बरेच जण घालतात. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं हे खरंच आहे. पण भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा चेहऱ्यापासून वीतभरावर धरलेला मोबाईल डोळ्यांत जास्त उजेड टाकू शकतो. टीव्हीला नकार देऊन दोघंही पांघरुणात मोबाईल बघत असतील तर झोपेच्या नावाने कशाला भांडायचं? खरा चोर आहे तो आपोआप सुरू होणारा पुढचा भाग. ती सोय ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, तेवढी पहिल्या दिवशीच करा. टीव्हीत स्लीप टायमर असतो, तोही लावा. रात्री अकरा वाजता इच्छाशक्तीवर कोणी विसंबू नये, मीही विसंबत नाही.

खर्चाचं म्हणाल तर टीव्हीची किंमत ही त्यातली सोपी बाजू. दहा-पंधरा हजारांत ३२ इंची मिळतो, ४३ इंचीला साधारण वीस ते तीस हजार. ३२ इंची टीव्ही पन्नास वॅट धरला आणि रोज तासभर चालला तर महिन्याला दीड युनिट वीज, म्हणजे बिलावरून भांडायचं कारण नाही. पण ओटीटीचा प्लॅन एका वेळी एकाच स्क्रीनचा असेल तर हॉलमध्ये सासूबाई आणि खोलीत सूनबाई असं जमणार नाही; वरचा प्लॅन घ्यावा लागेल, तो खर्च दर महिन्याचा. वायफाय त्या खोलीत नीट पोचतं का, ते तालमीत कळेलच. आणि काही वर्षांनी जुन्या स्मार्ट टीव्हीवर एकेक ॲप चालेनासं होतं. पडदा ठणठणीत असेल तर तो फेकू नका, त्याला स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. तुमच्या हॉलमध्ये असा जुना टीव्ही असेल तर तोच खोलीत हलवून बघा.

जोडीदाराची झोप सावध असेल तर ब्लूटूथ इअरफोनची सोय असलेला टीव्ही बघा. रात्री दहानंतर रिमोट कोणाच्या हातात, हेही आधीच बोलून घ्या. हसू येतं, पण हॉलमध्ये रिमोटवर ज्याची सत्ता, खोलीतही त्याचीच होते आणि ज्याच्यासाठी टीव्ही घेतला तो माणूस परत मोबाईलवर.

काही जणांना मात्र मी लगेच हो म्हणते. एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आजी, ज्यांना हॉलपर्यंत जाणंही त्रासाचं. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेला रुग्ण. तिथे अंथरुणाची शिस्त वगैरे मी बाजूला ठेवते. दिवस जायला हवा, हा तिथला पहिला प्रश्न. जोडीदार गेल्यावर रात्रभर टीव्ही चालू ठेवून झोपणारे आजोबाही माझ्याकडे येतात. त्यांना खोलीत माणसाचा आवाज हवा असतो. त्यांचा टीव्ही बंद करायला सांगण्याआधी मी त्यांच्या मुलांना विचारते, तुम्ही रात्री फोन किती वाजता करता?

आणि मुलांची खोली? हे विचारतात त्यांना मात्र माझं स्पष्ट नाही. ‘त्याचे त्याला कार्टून, आम्हाला आमच्या बातम्या’ ही विभागणी आईवडिलांच्या सोयीची असते. बंद दाराआड किती वेळ आणि काय बघितलं जातंय हे तुम्हाला कळत नाही, आणि झोपेच्या तासांवर पहिली कात्री तिथेच लागते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही मुलांची झोपायची खोली स्क्रीनपासून मोकळी ठेवायला सांगतात. ‘सगळ्या मित्रांकडे आहे’ असं मूल म्हणालं तर त्याला माझ्या त्या डोंबिवलीच्या बाईंसारखंच विचारा: टीव्ही आला तर काय काय बघशील, कधी, कोणाबरोबर? दहापैकी सात-आठ मुलं शेवटी असं काही सांगतात की त्यावर हॉलमधला टीव्ही अर्धा तास त्याच्या हवाली करणं हाच उपाय असतो. तेवढा वेळ तुमच्या बातम्या थांबल्या तर बिघडत नाही. त्या रात्री दहालाही त्याच असतात.