प्रवासाचे प्रश्न : मे महिन्यात मारा नदीवर कळप दिसतात का?

प्रश्न : आम्ही दोघंही शिक्षक. मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. मेच्या केनिया सहलीच्या एका जाहिरातीत 'ग्रेट मायग्रेशन' असं लिहून नदीत उड्या टाकणाऱ्या जनावरांचा फोटो छापलाय. मेमध्ये ते खरंच दिसतं का? (नाशिक)

उत्तर : फोटो खरा असेल, महिना चुकलाय. मेमध्ये हे कळप केनियात नसतातच. तेराएक लाख विल्डबीस्ट (गाईगुरांसारखी दिसणारी मोठी हरणं), त्यांच्या सोबतीला दोनेक लाख झेब्रे आणि शिवाय गॅझेल हरणं वर्षभर एकाच गवताळ प्रदेशात गोल फिरत असतात. या प्रदेशाचा मोठा भाग टांझानियात आहे, सेरेंगेटी नावाने. केनियातलं मसाई मारा हे त्याचं उत्तरेकडचं टोक. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पक्ष्यांसारखं इथून तिथं जाणं येतं. इथे मात्र पाऊस पुढे आणि कळप त्याच्या मागे, असा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चाललेला फेरा असतो.

डिसेंबर ते मार्च कळप दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या आखूड गवताच्या माळावर असतात. मार्चअखेर ते मे हा 'मासिका', म्हणजे मोठा पाऊस. तो ओसरला की माळ झपाट्याने सुकतो, डबकी आटतात आणि कळप लांबलचक रांगा धरून वायव्येकडे निघतात. जूनमध्ये ते पश्चिमेच्या पट्ट्यात, ग्रुमेती नदीच्या बाजूला असतात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेला, मारा नदीच्या अलीकडे-पलीकडे. नोव्हेंबरात 'वुली', म्हणजे छोटा पाऊस, सुरू झाला की पुन्हा दक्षिणेची वाट. पाऊस लवकर आला किंवा लांबला तर हे सगळं दोन-तीन आठवडे सहज मागेपुढे होतं. म्हणून 'अमुक तारखेला नक्की' असं सांगणाऱ्याकडून ते लेखी मागा; विषय तिथेच संपेल.

मेमध्येच जायचं तर केनिया सोडा आणि महिन्याच्या शेवटी मध्य व पश्चिम सेरेंगेटीत जा. दर उतरलेले असतात आणि गर्दी नसते, पण काही तंबूनिवास पावसासाठी बंद असतात. रस्त्यांची खरी अडचण म्हणजे काळी माती. आपल्याकडे कपाशीच्या रानात एका सरीनंतर बैलगाडीचं चाक जसं रुततं, अगदी तसंच. त्यामुळे गाडी फोर बाय फोरच हवी. पश्चिमेच्या झाडीत त्से-त्से माशा चावतात आणि गडद निळ्या-काळ्या रंगाकडे त्या धावतात, तेव्हा जीन्स घरी ठेवून खाकी-बदामी कपडे न्या.

आमचं मत दिवाळीच्या बाजूने आहे, पण कॅलेंडर बघून. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तर सेरेंगेटीतल्या कोगातेंदेला मागे राहिलेले कळप गाठता येण्याची शक्यता आहे. नोव्हेंबरात आली तर कळप परतीच्या वाटेवर असतात, तेव्हा उत्तरेकडच्या लोबोपासून मध्य सेरेंगेटीतल्या सेरोनेरापर्यंतचा पट्टा धरा. सेरोनेराला सिंह आणि बिबटे बारमाही असतात, त्यामुळे कळप हुकले तरी पैसे वाया जात नाहीत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये सहा रात्रींची केनिया सहल ठरतेय: अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि शेवटी दोन रात्री मसाई मारा. नदी ओलांडणं बघायला एवढ्या पुरतील का? (पुणे)

उत्तर : दोन रात्री म्हणजे हातात एकच पूर्ण दिवस. महिना बरोबर आहे, वाटणी चुकलीय. नैरोबीहून रस्त्याने मारा पाच-सहा तासांवर, म्हणजे पोचायचा आणि निघायचा दिवस निम्मा प्रवासातच जातो. नाकुरू गाळा, अंबोसेलीही गाळता आलं तर बघा आणि माराला चार रात्री द्या.

नदीवर नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे चार रात्री का ते कळेल. कळप काठाच्या वरच्या माळावर जमतो. पुढचे दहा-पंधरा विल्डबीस्ट घसरणीवरून पाण्यापर्यंत उतरतात, थांबतात, पाणी हुंगतात. मागचे रेटत असतात, धुरळा उडत असतो. तेवढ्यात एखादा झेब्रा दचकून वळतो आणि त्याच्यामागे सगळा कळप उधळून पुन्हा माळावर. असं दिवसातून तीन-चारदा होऊ शकतं आणि संध्याकाळी सगळे शांतपणे चरत असतात. किंवा एकाने उडी टाकली की पुढची वीस-तीस मिनिटं थांबतच नाहीत. अलीकडचं गवत संपलं म्हणून पलीकडे गेलेले, तिकडे पाऊस नाही म्हणून दोन दिवसांनी परतही येतात. मगरींची चर्चा फार होते, पण पाण्याच्या जोराने आणि चेंगराचेंगरीने बुडून मरणारे कितीतरी जास्त.

गाड्या काठाला चिकटून उभ्या राहिल्या तर उतरायची वाट अडते आणि कळप मागे फिरतो. तेव्हा 'पुढे घ्या, पुढे घ्या' म्हणून चालकाच्या मागे लागू नका. दूर थांबून, पहिलं जनावर पाण्यात शिरल्यावरच गाडी पुढे घेणारा चालक जाणकार समजा. थांबणं तीन-चार तासांचं असतं आणि गाडीतून खाली उतरता येत नाही. म्हणून निघण्याआधी शौचालयाला जाऊन या आणि चहा जरा बेताने घ्या.

आता खर्चाची गोम. मसाई मारा राखीव क्षेत्राचं शुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. हे २०२४ पासूनचे दर आहेत. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. आत मुक्काम असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत फाटकाबाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. सहलीच्या दरात हे शुल्क किती दिवसांचं धरलंय ते विचारा. स्वस्त दराचं गुपित बहुधा इथेच असतं. दुसरा प्रश्न विचारायचा तो गाडीचा: छत वर उचलणारी लँड क्रूझर की मिनीबस, आणि प्रत्येकाला खिडकी आहे का. राहायला नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रायँगल आम्हाला अधिक आवडतो. गाड्यांवर शिस्त आहे आणि नदी जवळ पडते.

प्रश्न : नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना खेटून आहेत. सकाळी माराहून निघून गाडीनेच पलीकडे गेलं तर? (कोल्हापूर)

उत्तर : जनावरांना मुभा आहे, पर्यटकांना नाही. मधली सीमा प्रवाशांसाठी बंद आहे. रस्त्याने इसेबानिया-सिरारी नाक्यावरून वळसा घालावा लागतो, तिथे गाडी आणि चालक बदलतात आणि दिवस त्यातच जातो. छोट्या विमानाने वेळ वाचतो, पण खर्च वाढतो. शिवाय केनियाचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना (३० डॉलर), आणि टांझानियाचा व्हिसा (५० डॉलर) वेगवेगळे. पूर्व आफ्रिकेचा म्हणून जो एकत्र पर्यटक व्हिसा मिळतो तो केनिया, युगांडा आणि रवांडापुरता. टांझानिया त्यात नाही. आठ दिवसांपेक्षा कमी असतील तर एकच देश निवडा.

प्रश्न : फेब्रुवारीत सत्तर वर्षांच्या आईला आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं आहे. जमेल का? लस लागते का? (ठाणे)

उत्तर : मुलासाठी फेब्रुवारीसारखा महिना नाही. न्दुतूच्या माळावर दोन-तीन आठवड्यांत विल्डबीस्टच्या बहुतेक माद्या वितात. ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतलं तिथलं गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने कसदार असतं आणि आखूड असल्यामुळे शिकारी लांबून दिसतो. सगळी पिल्लं एकदम जन्मली की सिंह-तरस खाऊन खाऊन किती खाणार, हा त्यामागचा हिशेब. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं. मात्र शिकारही डोळ्यांसमोर होते, याची मुलाला आधी कल्पना द्या. न्दुतू हे न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतं. गाडी पलीकडे सेरेंगेटीत शिरली की वेगळं शुल्क लागतं, तेव्हा कुठल्या दिवशी कुठे हे आधीच ठरवा.

आईंना गाडीत मागच्या चाकांवरची जागा नको, मधली रांग द्या. धक्के कमी बसतात. न्गोरोंगोरोच्या कड्यावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, रात्री चांगलीच थंडी असते.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. केनियाहून प्रमाणपत्राशिवाय परतलात तर भारतात विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केनियामार्गे टांझानियाला जाणाऱ्यांकडे टांझानियाही ते मागतं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून तिकिटं काढण्याआधी आईंच्या डॉक्टरांना विचारा, नंतर नाही. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

प्रश्न : सामान किती न्यावं? चिवडा, थेपले चालतील का? (डोंबिवली)

उत्तर : नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेसकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात बसत नाही. फराळ न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत बांधू नका. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या आणि डबे वापरा. ड्रोन घरीच ठेवा. कॅमेऱ्याची लांब लेन्स टेकवायला कापडी पिशवी शिवून रिकामीच न्या आणि तिथे पोचल्यावर तांदूळ घेऊन भरा, वजन वाचतं.