छोट्या खोलीत, फक्त मोबाइलवर कपड्यांचे चांगले फोटो कसे काढायचे?

एक खिडकी आणि मोबाइल एवढ्यावर नक्की भागतं. मात्र आधी खोलीतला दिवा बंद करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला, की पांढऱ्या शर्टाची एक बाही पिवळट तर दुसरी निळसर दिसते. एडिटिंगमध्येही ते नीट सुटत नाही.

कपडा खिडकीलगतच्या बाजूच्या भिंतीवर हँगरला लावा. उजेड आडवा पडतो, त्यामुळे कापडाचा पोत आणि शिवणीची टीप उठून दिसते. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. विरुद्ध बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकली, की सावलीतली बाजूही उजळते. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या चादरीनेच पडतो.

जागा कमी म्हणून वाइड लेन्स लावायचा मोह होतो, पण तो टाळाच. कडा ताणल्या जातात आणि कपड्याचा घाट बदलतो. त्यापेक्षा अगदी दारापर्यंत मागे सरका आणि मोबाइल कपड्याच्या मध्याच्या उंचीवर सरळ धरा.

कॅमेरा पांढरं कापड मळकट करडं दाखवतो आणि काळं राखाडी. स्क्रीनवर कपड्यावर बोट टेकवा, मग पांढऱ्यासाठी उजेड थोडा वाढवा, काळ्यासाठी कमी करा.

इस्त्री मात्र आधीच करून घ्या, कारण आडव्या उजेडात बारीकशी चुणीही लपत नाही.