‘म्हैस उड’ आणि अनावर बोट

प्रश्न थोडक्यात असा : बालवाडीच्या ताई आणि पालक यांच्यासाठीच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण चाललं आहे. तिच्यात ‘इन्हिबिटरी कंट्रोल’ पानोपानी येतो. कुणी ‘निरोधी नियंत्रण’ सुचवलं, कुणी ‘आत्मसंयम’, कुणी ‘निग्रह’. यांतलं काय घ्यावं?

मी म्हणेन, मेंदू-मज्जारज्जूतल्या चेतापेशींबद्दल बोलताना ‘निरोध’ आणि मुलांबद्दल बोलताना ‘आवरणे’. एकच शब्द दोन्हीकडे चालवायचा हट्ट सोडला की निम्मी अडचण सुटते.

आधी ही चीज काय आहे ते पाहू. लहानपणी गोल करून, जमिनीवर एकेक बोट टेकवून बसायचो. ‘चिमणी उड’, बोटं वर. ‘कावळा उड’, ‘पोपट उड’, पुन्हा वर. आणि मग त्याच सुरात, दम न घेता, ‘म्हैस उड’! ज्याचं बोट उचललं गेलं तो बाद. म्हैस उडत नाही हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, तरी बोट जातंच. ठाऊक असणं वेगळं आणि निघालेलं बोट जागीच धरणं वेगळं. हे दुसरं जे काही आहे, त्याला शब्द हवा आहे.

प्रयोगशाळेत जवळपास हाच खेळ पडद्यावर खेळतात. एक खूण दिसली की बटण दाबायचं, दुसरी दिसली की दाबायचं नाही. दाबायच्या खुणा मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे हात सरावतो. दुसऱ्या एका प्रकारात दाबायची खूण आधी येते आणि क्षणभराने मागून ‘थांब’ येतं. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये याचं गणित शर्यत म्हणून मांडलं : ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन प्रक्रिया धावत असतात, जी आधी पोचेल तिचं चालतं. निरोगी तरुण माणसात या ‘थांब’ला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो.

म्हणून ‘संयम’ मला इथे पटत नाही. संयम तासन्‌तास पाळायचा असतो, त्याचं कौतुक होतं, तो नसला तर माणूस कमी पडतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात कुणी संयमी होत नाही. शिवाय चार वर्षांच्या मुलाबद्दल ‘त्याच्यात संयम नाही’ असं छापलं की तो दोषारोप होतो. मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्यावर हे काम बरंचसं अवलंबून आहे, तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. पोराचा त्यात काय अपराध? ‘निग्रह’ तर आणखी वरच्या पट्टीतला. निग्रही माणूस म्हटल्यावर डोळ्यांपुढे उपोषणाला बसलेलं कुणीतरी येतं. आणि ‘दमन’ फ्रॉइडच्या वाट्याला गेला आहे, उरलेला राजकारणाच्या.

आता ‘आवरणे’. हसू आवरलं, राग आवरला, हात आवरता घेतला, जिभेला आवर घातला. हे सगळं एखादी सुटू पाहणारी गोष्ट सुटता सुटता धरण्याबद्दल आहे, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. या क्रियापदाची आणखी एक गंमत पाहा. ‘त्याने हसू आवरलं’ यात कर्ता आहे, यश त्याचं आहे. पण ‘त्याला हसू आवरेना’ म्हटलं की तोच माणूस कर्त्याच्या खुर्चीवरून उठून ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला उभा राहतो आणि हसू पुढे येतं. जमलं तर माझं श्रेय, नाही जमलं तर हसूच दांडगं! मराठीने अपयशाचा दोष माणसावरून अलगद काढून घेतला आहे, आणि मुलांच्या पुस्तिकेला हाच सूर हवा. शिवाय ‘अनावर’ हे विशेषण तयारच आहे : अनावर झोप, अनावर मोह. ‘अश्रू अनावर झाले’ बातम्यांनी वापरून पार झिजवलं, पण शब्द खणखणीत आहे.

तरी ‘निरोध’ला हाकलून देऊ नका. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘आत धरून ठेवणे’ आहे आणि ‘नि’ अधिक ‘रुध्’ म्हणजे कोंडणे, अडवणे; दोघं शेजारी शोभतात. पतंजलीच्या दुसऱ्याच सूत्रात चित्तवृत्तींचा निरोध आहे. फक्त १९६८ साली सरकारने कुटुंबनियोजनाच्या साधनाला हेच नाव दिलं आणि एका अख्ख्या पिढीला हा शब्द वर्गात उच्चारताना हसू आवरेनासं झालं. आता ती खळखळ बरीच ओसरली आहे.

निरोधाची किंमत कळायला धनुर्वात पाहावा. आपण कोपर वाकवतो तेव्हा पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा सैल पडतो. तो सैल पडतो कारण त्याच्याकडे जाणाऱ्या चेतापेशींना मेरुरज्जूतल्या निरोधी पेशी गप्प करतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी हे उलगडून दाखवलं. १९३२ सालचं त्यांचं नोबेल भाषणही निरोधावरच होतं. धनुर्वाताच्या जंतूंचं विष नेमकं या निरोधी पेशींचं तोंड बांधतं, त्यांची रसायनं बाहेरच पडू देत नाही. मग दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आखडतात, दातखिळी बसते, पाठीची कमान होते. धनुष्य दिसलं म्हणून नाव धनुर्वात! कुचल्याचं विषही, म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं, दुसऱ्या वाटेने तिथेच पोचतं : रसायन सुटतं, पण ते जिथे बसायचं ती जागा हे विष अडवतं. तेव्हा पेशींसाठी ‘निरोधी पेशी’, ‘निरोधी रसायन’ बेलाशक लिहा. धनुर्वाताच्या रोग्याबद्दल ‘त्याला आवरेना’ म्हणणं विचित्र होईल. तिथे आवरणारं ‘मी’ कुणी नाहीच.

जाता जाता, बोलण्यात ‘त्याला फार इन्हिबिशन्स आहेत’ ऐकू येतं, ती तिसरीच गोष्ट. तिला ‘भीड’ किंवा ‘संकोच’. दोन पेग पोटात गेल्यावर भीड चेपते, हे वाक्य तर कुठल्याही परिभाषेपेक्षा सरस आहे.

एक खोड मात्र सांगून ठेवतो. ‘आवर’ एकटा सोडू नका. घरात आई ‘आवर गं पटकन!’ म्हणते तेव्हा तिला मुलीने थांबायला नको असतं, वेणी घालून दाराशी यायला हवं असतं. आणि ‘आवरणक्षमता’ असं सामासिक काही करायला गेलात तर वाचकाला गाडीवरचं ताडपत्रीचं आवरण आठवेल. पहिल्या पानावर ‘स्वतःला आवरणे (इन्हिबिटरी कंट्रोल)’ असं एकदा लिहा, पुढे नुसतं ‘स्वतःला आवरणे’. आणि त्याच पानावर ‘म्हैस उड’ टाका. ताईंना व्याख्या वाचायची गरजच पडणार नाही.