मुलगी सातवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी अवकाशावरचा प्रकल्प हवाय, पण थर्माकोलची सूर्यमाला नको. काय करता येईल?

कोल्हापुरात राहता ना? मग विषय दारातच आहे : अंबाबाईचा किरणोत्सव. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत येतात. वर्षातून दोनदाच का? १० नोव्हेंबर म्हणजे २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी, १ फेब्रुवारी म्हणजे ४२ दिवस नंतर. दक्षिणेकडे सरकताना आणि तिथून परतताना सूर्य एकाच जागी मावळतो. आपल्या अक्षांशावर (१६.७°) ती जागा नेमक्या पश्चिमेपासून साधारण १८° दक्षिणेला येते.

मॉडेलसाठी बुटांचे दोन खोके लांबीत जोडून ६० सेंमीचा बोगदा करा आणि आतून काळा कागद लावा. पांढरा पुठ्ठा तसाच ठेवला तर उजेड सगळीकडे उडतो आणि ठिपका दिसतच नाही. पुढच्या बाजूला ५ मिमीचं चौकोनी भोक, मागच्या भिंतीवर आलेख कागद आणि मधोमध ५ मिमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी, हीच मूर्ती. बघायला वर झाकण ठेवा. सूर्य म्हणून मोबाइलचा फ्लॅश चालेल, पण त्यावर काळी चिकटपट्टी लावून ३ मिमीचं छिद्र पाडा. भोकापासून २ मीटर दोरी धरून बाकांवर कमान आखा. किरणोत्सवाच्या सुमाराला मावळतीची जागा रोज साधारण ०.३° सरकते, म्हणजे कमानीवर १ सेंमीला एक दिवस! मोबाइल १ सेंमी हलवला की आतला ठिपका ३ मिमी सरकतो आणि तीन-चार 'दिवसांत' पट्टीवरून निघून जातो. मोबाइल भोकाच्या १० सेंमी वरून हळूहळू खाली आणला, की ठिपका ३ सेंमी वर चढतो. सूर्य बुडताना किरणं पायांकडून वर का चढतात, तेही असं हातानेच दाखवता येतं.

हे १ सेंमीचं माप मात्र वर्षभर लावू नका. २३ सप्टेंबरच्या आसपास रोजचं सरकणं जवळपास १.४ सेंमी असतं, तर २१ डिसेंबरला सूर्य जवळजवळ थबकतो. मुलांची कमान इथेच हमखास चुकते.

खऱ्या नोंदीही हव्यात, नाहीतर ते नुसतं खेळणं. गच्चीत एकाच जागी उभं राहून दर आठवड्याला सूर्य कुठल्या झाडामागे, टाकीमागे बुडतो ते वहीत काढायचं. हात ताठ धरला तर मूठ साधारण १०° झाकते. कोन मोजायला तेवढं पुरे. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ भलतीच दिशा दाखवतं, त्यापासून दूर उभं राहा. पावसाळ्यात क्षितिज ढगांत असतं, म्हणून ऑक्टोबरपासून सुरुवात करा.

वेळ कमी असेल तर सूर्यमालाच करा, पण प्रमाणात : १ सेंमी म्हणजे १ लाख किमी. सूर्य १४ सेंमीचा चेंडू, पृथ्वी जेमतेम राजगिऱ्याचा दाणा, तोही १५ मीटरवर. नेपच्यून ४५० मीटरवर जातो, म्हणजे शाळेच्या बाहेरच.

किरणोत्सव निवडलात तर मोबाइल दक्षिणेला सरकवल्यावर ठिपका उत्तरेला का जातो, याचं उत्तर तिच्याकडून वदवून घ्या (प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून दक्षिणेकडून आलेला किरण भोकातून पलीकडे उत्तरेला पोचतो). परीक्षक आधी तेच विचारतील.